पूर्वेची गॅलरी आणि इंद्रधनुष्याचा डावा पाय: घरातून आभाळ टिपण्याचं एक प्रकरण

पुण्यात सिंहगड रस्त्यावर आनंदनगरच्या बाजूला एका सोसायटीत सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंचं हे प्रकरण. उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यामुळे अख्खा पावसाळा घरातच काढायचा होता. हौस जुनी, फोन नवा. त्यांचं म्हणणं एका वाक्यात मावणारं होतं: "डोळ्यांना एवढं ठसठशीत दिसतं, मग फोटोत पुसट का येतं गं?" ज्या दुकानातून फोन घेतला होता तिथे त्यांना आणखी महागाचा फोन सुचवण्यात आला होता. दिवाळीपर्यंत घरातून काढलेल्या इंद्रधनुष्याची एक मोठी प्रिंट, बारा बाय अठरा इंचांची, दिवाणखान्यात लावायची त्यांची इच्छा होती. खाली उतरायचं नाही, टेकडीवर जायचं नाही, गच्चीचा जिना चढायचा नाही. जे मिळेल ते गॅलरीतून आणि खिडक्यांतून.

ही अट मला अडचण वाटली नाही. घर जागचं हलत नाही, म्हणून घरातून दिसणाऱ्या आभाळाचा हिशेब एकदा मांडला की तो दरवर्षी उपयोगी पडतो. बाहेर भटकणाऱ्याला हा फायदा मिळत नाही.

आधी काय बिघडत होतं

काकूंच्या फोनमधले जुने फोटो बघितल्यावर बहुतेक गोष्टी तिथेच कळल्या. आभाळ राखाडी-पांढरं, धनुष्य फिकट, कमान अर्धीच आणि तीही कडेला कापलेली. काही फोटोंत एक आडवी-उभी धुरकट जाळी सगळ्या चित्रावर पसरलेली. रंगीत संध्याकाळच्या फोटोंत गुलाबी ढग चक्क पांढरे झालेले.

फोन यात वाईट नव्हता. तो त्याच्या समजुतीप्रमाणे चोख काम करत होता. धनुष्याच्या मागे बहुतेकदा काळंभोर आभाळ असतं, कारण पाऊस तिथेच पडत असतो. फोनला चौकटीत इतका काळोख दिसला की तो सगळं चित्र उजळवतो. त्या उजळण्यात धनुष्याचे नाजूक रंग धुऊन जातात. संध्याकाळच्या गुलाबी छटेला तो प्रकाशाचा दोष समजतो आणि ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप सुधारणारी सोय, तो दोष काढून टाकते. धुरकट जाळी म्हणजे कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी. काकू गॅलरीत आत, खुर्चीवर बसून फोटो काढत होत्या आणि जाळी लेन्सपासून हातभर पुढे होती.

कमान अर्धी येण्याचं कारण साधं गणित आहे. इंद्रधनुष्याच्या वर्तुळाची त्रिज्या साधारण 42 अंश. सूर्य क्षितिजाला टेकलेला असताना पूर्ण अर्धवर्तुळ दिसतं, ते या टोकापासून त्या टोकापर्यंत 84 अंश भरतं. फोनचा मुख्य कॅमेरा आडवा धरला तरी 70 अंशांच्या आसपासच बघतो. म्हणजे पूर्ण कमान त्यात मावणारच नाही, कितीही मागे सरका. अल्ट्रावाइड कॅमेरा 100 अंशांच्या वर बघतो, त्यात ती मावते. बाहेरचं दुसरं, उलट्या रंगांचं धनुष्य 51 अंशांच्या आसपास असतं. तेही त्यात जेमतेम मावतं.

घराची दिशा

खरं काम कॅमेऱ्याला हात लावण्याआधीचं होतं. इंद्रधनुष्याला जागा नसते, फक्त दिशा असते. सूर्य आपल्या पाठीमागे जिथे आहे त्याच्या बरोबर समोरचा बिंदू हे त्याचं केंद्र. म्हणून संध्याकाळचं धनुष्य पूर्वेला, सकाळचं पश्चिमेला. काकूंची गॅलरी पूर्वेकडे उघडते, समोर तळजाईची टेकडी आणि डावीकडे पर्वती. घरात पश्चिमेला एकही खिडकी नाही. तेव्हा सकाळच्या धनुष्याचा विचारच सोडून दिला. उरली संध्याकाळ.

सूर्य 42 अंशांपेक्षा उंच असेल तर धनुष्य क्षितिजाच्या खाली जातं आणि दिसत नाही. आपल्याकडे मावळतीला सूर्य तासाला साधारण 14 अंश उतरतो, म्हणजे सूर्यास्ताच्या आधीचे जेमतेम तीन तास कामाचे. ऑगस्टअखेर पुण्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. चारच्या आधी गॅलरीत ताटकळत बसण्यात अर्थ नव्हता. साडेपाच-पावणेसहाला कमानीचा माथा क्षितिजापासून पंचवीसेक अंशांवर असतो आणि सूर्य खाली जाईल तसा तो वर चढतो. मावळताना तो 42 अंशांपर्यंत पोचतो. हे कळल्यावर काकूंच्या प्रश्नांची जातच बदलली. "आज कुठल्या उंचीवर येईल?" असं त्या विचारू लागल्या.

उंची मोजायला हाताची वीत पुरते. हात पूर्ण लांब करून वीत ताणली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण 20 अंश होतात. केंद्रापासून दोन विती म्हणजे धनुष्य. केंद्र कुठे, तर आपल्या डोक्याची सावली पडते तिथे. पण पूर्वेच्या गॅलरीत संध्याकाळी आपण इमारतीच्याच सावलीत असतो, डोक्याची सावली कुठून दिसणार? तेव्हा इमारतीची सावली बघायची. ती समोरच्या घरांवर आणि झाडांवर लांब पसरलेली असते. त्या सावलीत आपला मजला आणि आपली गॅलरी जिथे येईल तो बिंदू धरायचा आणि तिथून वर, डावीकडे, उजवीकडे दोन-दोन विती मोजायच्या. काकूंनी हे एका कोरड्या संध्याकाळी करून बघितलं आणि डावी वीत पर्वतीच्या अगदी जवळ जाऊन टेकली. प्रिंट कशाची करायची हे त्या क्षणी अर्धं ठरलं.

यात एक गंमत आहे, आणि मला ती मनापासून आवडते. धनुष्याचा पाय, म्हणजे कमान जिथे जमिनीला टेकते ते टोक, वर्षभर एकाच जागी पडत नाही. जूनमध्ये सूर्य वायव्येकडे झुकून मावळतो, म्हणून धनुष्याचं केंद्र पूर्वेपासून आग्नेयेकडे सरकलेलं असतं आणि त्याचा डावा पाय तळजाईकडे असतो. श्रावण सरत आला की तो पाय पर्वतीच्या आसपास येतो. परतीच्या पावसात, ऑक्टोबरमध्ये, तो पर्वती ओलांडून ईशान्येला जातो. काकूंच्या गॅलरीच्या डाव्या बाजूला शेजारच्यांची गॅलरी पुढे आलेली आहे, त्यामुळे ऑक्टोबरमधला डावा पाय तिथून दिसत नाही. तो स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या ड्राय बाल्कनीतून दिसतो, जिथे वॉशिंग मशीन आणि केरसुण्या ठेवलेल्या असतात. ऑक्टोबरचा विचार करून ती जागा आधीच मोकळी केली.

ऊन दिसत नसताना ऊन ओळखणं

पूर्वेच्या गॅलरीची दुसरी अडचण अशी की सूर्य आहे की नाही हेच कळत नाही. तो इमारतीच्या मागे असतो. काकू पाऊस थांबल्यावर बाहेर यायच्या, तोवर खेळ संपलेला असायचा. खूण समोरच होती. समोरच्या इमारतींच्या भिंतींवर पिवळं ऊन चढलं आणि त्यांच्या मागचं आभाळ अजून काळं असलं की उठायचं. पाऊस अंगणात पडतोय की नाही, याला महत्त्व नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे ढग पश्चिमेकडून येतात. खडकवासल्याच्या बाजूने सर येते, घरावरून जाते आणि तळजाई-सहकारनगरकडे सरकते, तेव्हा पाठीमागे आभाळ उघडलं तर धनुष्य हमखास. म्हणजे इथे धनुष्य पावसानंतर दिसतं. वळवाच्या आणि परतीच्या पावसाचं बरेचदा उलटं असतं. ढग पूर्वेकडून चाल करून येतात आणि पश्चिमेला ऊन तसंच असतं, मग धनुष्य आधी दिसतं आणि पाऊस नंतर गाठतो. जुलैच्या झडीत मात्र आशा ठेवू नये. आभाळ सलग भरलेलं असतं, उन्हाला फटच नसते. श्रावणातला ऊन-पाऊस, पोरं ज्याला कोल्ह्याचं लग्न म्हणतात, तोच खरा हंगाम.

वळवाच्या आणि परतीच्या ढगांत विजा असतात, हे इथेच सांगून टाकते. वीज जवळ कडाडत असताना लोखंडी ग्रिलला टेकून फोटो काढायचा नाही, मग समोर कितीही सुंदर दिसत असो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' नावाचं अ‍ॅप आसपासच्या विजेची सूचना देतं. ते काकूंच्या फोनमध्ये घातलं.

फोन, जाळी आणि गॉगल

जाळी कापायची नव्हती. कबुतरं पुन्हा आत येतील ही काकूंची भीती रास्त होती. जाळीचा एक चौकोन साधारण पाच सेंटिमीटरचा. लेन्स त्या चौकोनाच्या मधोमध आणि जाळीला जवळजवळ चिकटून धरली तर मुख्य कॅमेऱ्याला दोरे दिसतच नाहीत. अल्ट्रावाइडचं तसं नाही. तो इतक्या बाजूचं बघतो की लेन्स दीड-दोन सेंटिमीटर मागे गेली तरी कडांना दोरे उमटतात. त्यात फोनच्या मागे तीन लेन्स, कुठली अल्ट्रावाइड हे माहीत नाही. उपाय सोपा: अल्ट्रावाइड निवडायचा आणि एकेका लेन्सवर बोट ठेवून बघायचं, पडदा काळा झाला की ती. काकूंनी त्या लेन्सशेजारी कव्हरवर टिकलीएवढा पांढरा ठिपका काढून घेतला, म्हणजे घाईत चुकणार नाही.

सहाव्या मजल्यावरून फोन निसटला तर संपलंच. कव्हरच्या भोकातून दोरी ओवून ती ग्रिलला बांधली. गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहणं जमत नव्हतं, म्हणून वाकणाऱ्या पायांचा छोटा स्टँड ग्रिलच्या गजाला गुंडाळला. फोन त्यावर आणि काकू शेजारी उंच स्टुलावर. लेन्सवर तुषार बसतात, त्यासाठी जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा हाताशी.

फोनमधले बदल मोजके केले. दूरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवर बोट दाबून ठेवून फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजेड) लॉक करायचं, कारण धनुष्यावर आणि जाळीवर फोकस चाचपडतो. मग एक्स्पोजर खाली ओढायचं, उणे 0.7च्या आसपास. पडद्यावर चित्र जरा काळोखी वाटेल, तेच हवं. प्रो मोडमध्ये, जिथे सगळं हाताने ठरवता येतं, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, म्हणजे 5200 ते 5500 केल्विनवर पक्का करायचा. झूम अजिबात करायचं नाही. शक्य तेव्हा रॉ फाइल, म्हणजे फोनने फेरफार न केलेली मूळ फाइलही साठवायची.

गॉगलचा भाग योगायोगाने आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकू उजेडात राखाडी काचेचा गॉगल लावतात. त्यांची तक्रार होती की गॉगल लावला की कमानीचा माथाच नाहीसा होतो, पाय मात्र दिसतात. ऐकणाऱ्यांना हा भास वाटला होता, पण काकूंचं निरीक्षण अचूक होतं. धनुष्याचा प्रकाश जवळजवळ पूर्ण ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो आणि त्याची कंपनं कमानीच्या रेषेला धरून असतात. माथ्याशी कमान आडवी, म्हणून कंपनंही आडवी. पायाशी कमान उभी, म्हणून कंपनं उभी. काकूंचा गॉगल पोलराइज्ड, म्हणजे ठरावीक दिशेची कंपनं गाळणारा. तो आडवी कंपनं अडवतो, कारण रस्त्यावरची आणि पाण्यावरची चकाकी तशीच असते. मान खांद्याकडे पूर्ण कलवली की माथा परत येतो आणि पाय मावळतात. काकूंनी मान कलवून हे बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा शाळेतल्या पोरीसारखा खुलला.

यातून दोन गोष्टी निघाल्या. पूर्ण कमान टिपताना पोलरायझर, म्हणजे अशी गाळणारी काच, लावू नये. एक भाग ठसठशीत होतो आणि दुसरा पुसला जातो. पण फक्त पाय टिपायचा असेल तर गॉगलची काच नेहमीच्या स्थितीत मुख्य लेन्सला चिकटवून धरावी. मागच्या ढगांचा उजेड कमी होतो, धनुष्याचा तेवढा होत नाही, आणि रंग उठून दिसतात. काच राखाडी असावी. तपकिरी किंवा हिरवी काच सगळ्या चित्राला आपला रंग चढवते.

ती संध्याकाळ

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात जमून आलं. दुपारभर आभाळ भरलेलं. साडेपाचनंतर खडकवासल्याकडून दणकून सर आली आणि वीसेक मिनिटांत पुढे सरकली. समोरच्या इमारतीच्या वरच्या दोन मजल्यांवर ऊन चढलं. काकूंनी मला फोन केला, मी पोचेपर्यंत त्यांनी कामाला सुरुवातही केली होती.

आमचं ठरलेलं होतं की पहिले दोन-चार फोटो अल्ट्रावाइडवर, पूर्ण कमानीचे, फार विचार न करता. धनुष्य किती टिकेल याची खात्री नसते. आधी नोंद हाती असावी. ते झाले. दुसरं धनुष्यही उमटलं होतं आणि दोघांच्या मधला काळा पट्टा स्पष्ट होता. तो नेहमीच असतो, कारण त्या कोनात थेंबांकडून आपल्याकडे प्रकाश जवळजवळ येतच नाही. धनुष्याच्या आतल्या बाजूचं आभाळ मात्र उजळलेलं असतं. एक्स्पोजर खाली ओढल्याशिवाय हा फरक फोटोत दिसत नाही. जुन्या फोटोंत तो कुठेच नव्हता.

मग मुख्य कॅमेरा, डावा पाय आणि पर्वती. पाय देवळापासून थोडा उजवीकडे पडत होता आणि नेमका एका टॉवरच्या मागे अर्धा दडत होता. धनुष्य बघणाऱ्याबरोबर सरकतं. आपण उजवीकडे गेलो की तेही उजवीकडे येतं, पण जवळची इमारत तिथेच राहते. स्टँड सोडवून काकू गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, दहा-बारा फुटांवर. पर्वती लांब, तिची जागा बदलली नाही. टॉवर जवळचा, तो बाजूला झाला. पाय मोकळ्या आभाळात आला. घरात बसून टिपणाऱ्याला हीच एक मोकळीक असते, आणि ती वापरायचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

गॉगलची काच धरून काही फोटो, काढून काही. काच लावली तेव्हा लाल आणि हिरवा वेगवेगळे दिसू लागले. साडेसहानंतर सूर्य अगदी खाली गेला, निळा-जांभळा उतरत गेला आणि कमान जवळजवळ लालच उरली. मावळत्या प्रकाशाला हवेचा मोठा पल्ला ओलांडावा लागतो आणि वाटेत त्याचा निळा अंश विखुरला जातो, म्हणून धनुष्यालाही तो मिळत नाही.

धनुष्य विझल्यावर काकू स्टँड आवरायला लागल्या, मी थांबवलं. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटं पूर्वेच्या आभाळाकडे बघायचंच. त्या दिवशी तळजाईच्या मागच्या ढगांचे माथे आधी सोनेरी, मग विटकरी गुलाबी झाले, आणि पश्चिमेकडच्या ढगांच्या सावल्या पूर्वेला एका बिंदूकडे जमा होणाऱ्या पट्ट्यांसारख्या दिसल्या. त्या पट्ट्या खरं तर समांतर असतात, रेल्वेचे रूळ लांबवर मिळाल्यासारखे दिसतात तसंच हे. व्हाइट बॅलन्स पक्का असल्याने गुलाबी गुलाबीच राहिला.

प्रिंट

निवडायला बसल्यावर मला पूर्ण कमानीचा फोटो आवडला होता, काकूंना डाव्या पायाचा. त्यांचं कारण पटलं: अल्ट्रावाइडमध्ये पर्वती मुंगीएवढी झाली होती आणि इमारती कडेला तिरक्या झुकल्या होत्या. तो फोटो कुठल्याही शहरातला वाटला असता. पायाच्या फोटोत देऊळ ओळखू येत होतं. शिवाय मुख्य कॅमेऱ्याची फाइल 4000 बाय 3000 पिक्सेलची, बारा बाय अठराला कापल्यावर इंचाला 220 पिक्सेल मिळतात. दिवाणखान्यातून बघायला ते भरपूर झालं.

संपादनात सॅच्युरेशनला, म्हणजे रंगांच्या गडदपणाला, हात लावला नाही. धनुष्यात ते वाढवलं की रंगांचे सलग उतार तुटून पट्टे पडतात, आणि प्रिंटमध्ये हिरवा प्लॅस्टिकसारखा दिसतो. काळे भाग थोडे दाबले, कॉन्ट्रास्ट किंचित वाढवला, संपलं. पहिली प्रिंट तरीही मऊ, अस्पष्ट आली, कारण फाइल लॅबला व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोसारखी गेली होती आणि वाटेत ती आकसली. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यावर देवळाची शिखरं कोरल्यासारखी स्पष्ट आली. दिवाळीच्या आधी फ्रेम भिंतीवर लागली.

ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाने ड्राय बाल्कनीचाही अंदाज खरा ठरवला. पूर्वेकडून ढग आले, ईशान्येला पाय उमटला आणि गॅलरीतून काहीच दिसत नसताना वॉशिंग मशीनशेजारून तो पूर्ण दिसला. समोर नुसत्या गच्च्या आणि टाक्या असल्याने चित्र म्हणून ते पर्वतीच्या जवळपासही जात नाही, पण हिशेब जुळला याचा आम्हा दोघींना मनस्वी आनंद झाला.

आता हिवाळ्याचं काम चालू आहे. पाऊस नाही, धनुष्य नाही, पण निरभ्र संध्याकाळी सूर्य मावळल्यावर पूर्वेच्या क्षितिजावर एक निळसर राखाडी पट्टा वर चढतो. ती पृथ्वीचीच सावली. तिच्या वर गुलाबी पट्टा असतो, त्याला शुक्राचा पट्टा म्हणतात. पश्चिमेची गॅलरी असलेल्यांना सूर्यास्त मिळतो, हे संध्याकाळी त्यांच्या वाट्याला येत नाही. काकूंच्या मैत्रिणीचं घर वारज्याला आहे आणि तिची गॅलरी नेमकी पश्चिमेकडे उघडते. सकाळच्या धनुष्यांसाठी तिची वीत कुठे टेकते ते आता मोजायचं आहे.